तीन टिचक्या

आंबेडोहच्या लाईनला हर्षदा भांदिगरेनं कधी कुणाला नावं ठेवू दिली नाहीत. पुण्यातल्या नियंत्रण कक्षात बसून ती टेलिफोन कंपनीच्या दोन लाख दहा हजार जोडण्या सांभाळायची. त्यात भुदरगडच्या डोंगरातल्या या अकरा घरांच्या वाडीचा हिशोब तो काय! पण रोज सकाळी आल्या आल्या ती आधी आंबेडोहचा आकडा बघायची. स्थिरता ९९.९८. मग चहा.

सन २०४३ उजाडलं तरी आंबेडोहला तांब्याची तारच होती. रस्त्यात राखीव जंगल लागायचं, तिथं खणायला मनाई, त्यामुळे फायबरचा काचेचा धागा पायथ्याच्या गावापर्यंत येऊन थांबला होता. पुढचा डोंगर जुन्या तारेनंच चढायचा. त्या तारेवर वाडीचा टीव्ही चालायचा, शाळा चालायची, फोन चालायचा. अकरातली एक तार तिच्या आण्णांच्या घरात जायची, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी ओढली होती.

आण्णा म्हणजे रामजी भांदिगरे. टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून सारा जन्म गेला. अठ्ठ्याहत्तरी गाठली तरी वेटोळ्या वायरचा काळा हँडसेट त्यांनी सोडला नव्हता. 'बोलताना हातात वजन पायजे,' म्हणायचे.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी हर्षदा त्यांच्या सायकलवर मागे बसून लाईनीवर जायची. आण्णा खांबावर चढले की दातांत पक्कड, एका हातात तार, दुसऱ्यानं खांब धरलेला. बोलणार कुठल्या तोंडानं? म्हणून गारगोटी एक्स्चेंजच्या लाईनमन लोकांनी आपापसात एक खूण पाडली होती. टेस्ट फोनच्या तोंडाशी नखानं टिचकी मारायची. दोन टिचक्या म्हणजे 'लाईन क्लिअर, खाली उतरतोय.' तीन म्हणजे 'फॉल्ट इथंच हाय, माणूस पाठवा.' आणि एक्स्चेंजमधून एकच टिचकी परत आली की समजायचं, माणूस निघाला. ही खूण कुठल्या पुस्तकात नव्हती, पण तिच्यावर सगळा तालुका चालायचा.

आण्णांनी ती घरात आणली. फोन ठेवताना दोन टिचक्या, मग पलीकडं लेक असो नाहीतर मामलेदार. तीन टिचक्या त्यांनी घरासाठी एकदाच मारल्या होत्या. हर्षदा कोल्हापूरला हॉस्टेलवर होती. आण्णांना आईचं सांगायचं होतं आणि घशातून शब्द फुटेना. तिनं तीन टिचक्या ऐकल्या, एक परत मारली आणि मिळेल ती एसटी धरली. आई त्यानंतर चार दिवस होती.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला हर्षदा फोन लावायची.

"काय गं हर्षे, चा पिलीस न्हवं?"

"पिलो आण्णा. तुम्ही कसं हाईसा?"

पुण्यात पंचवीस वर्षं काढून तिची भाषा पार धुऊन निघाली होती. पण आण्णांचा आवाज आला की जीभ डोंगर चढून घरी जायची. तिकडं बायकासुद्धा 'आलो, गेलो, पिलो' असंच म्हणतात.

"मला काय धाड भरलीया? सगळं ठीक हाय."

"होळीला येऊ काय चार दिवस?"

"कशाला येतीस एवढ्या लांब? लाईन क्लिअर हाय, बोलणं हुतंय की. ठेवू?"

होळी झाली, पाडवा झाला. हर्षदा गेली नाही. आण्णाच नको म्हणतात म्हटल्यावर तिलाही ते सोयीचं होतं, हे खोटं कशाला बोला.

*

तारेचं गणित तसं घरगुती आहे. चहाचा कप काठोकाठ भरून जिना चढलात तर सांडणारच. दोन बोटं रिकामा ठेवलात तर थेंब सांडत नाही, पण चहा कमी मिळतो. तारेतून वेग काढायचा म्हणजे कप भरायचा, आणि वारा, ओल, शेजारची मोटर हे सगळे जिन्यातले धक्के. म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र नव्या जोडणीवर पहिले दहा दिवस पाळत ठेवतं. लाईन सारखी तुटली, चुका वाढल्या, की वेग उतरवतं. शांत राहिली की चढवतं. दहा दिवसांनंतरही त्याचं लक्ष असतंच. वीज वाचवायला रोज राऊटर बंद करणारे काटकसरी लोक असतात ना, त्यांची लाईन यंत्राला आजारी वाटते आणि बिचाऱ्यांचा वेग विनाकारण उतरतो. यंत्राला तुटणं दिसतं, तोडणारा दिसत नाही.

पुढं लोकांना वेगही हवा झाला आणि अडखळणंही नको. तेव्हा 'सांधा' आला. सांधा ही यंत्रणा तुमचा आवाज शिकते, तुमचे शब्द शिकते, कुठल्या वाक्यामागून कुठलं वाक्य येतं तेही शिकते. तारेत आवाजाचा तुकडा हरवला की तुमच्याच आवाजात तो भरून देते. सुरुवातीला सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं भरण असायचं. मग शब्द भरले जाऊ लागले, मग वाक्यं. जो माणूस रोज तेच ते बोलतो, तो भरायला सगळ्यांत सोपा.

फक्त जुन्या हँडसेटची अडचण होती. सांध्याचं काम वाडीच्या खांबावरच्या पेटीत सुरू व्हायचं; घरापासून तिथपर्यंत नुसतं तांबं. त्या टप्प्यात एखादा जोड गंजला तर पेटीपर्यंत फक्त शांतता पोचते. मग तार तुटली की माणूस गप्प झाला, हे यंत्रानं ओळखायचं कसं? चार वर्षांपूर्वी याचा नियम हर्षदानंच लिहिला. प्रत्येक माणसाची गप्प बसायची सवय मोजायची. वाक्याच्या मध्येच तो नेहमीच्या तिप्पट वेळ गप्प राहिला तर दोष तारेचा धरायचा आणि सांध्यानं तिथून पुढं भरायचं. चाचणीसाठी तिनं आण्णांचीच लाईन घेतली. आण्णांचं बोलणं म्हणजे लाह्या फुटल्यासारखं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. "माझ्या आवाजाचा साचा काढतीस व्हय? काढ," असं हसत म्हणून त्यांनी संमतीवर सही केली होती. गेल्या वर्षी गंजलेल्या जोडाची खरखर पुसायची सोय आली. तिच्यावरही सही हर्षदाचीच.

या नियमाबद्दल तिला कंपनीनं मानपत्र दिलं होतं. ते तिच्या टेबलामागं भिंतीवर लावलेलं होतं.

*

वैशाखात मोईन शिकलगार निवृत्त व्हायला आले. कक्षातले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ, हर्षदाला 'ताई' म्हणणारे आणि ताईला चहाच्या बाबतीत दम देणारे. खण रिकामे करताना त्यांना एक जुना टेस्ट फोन सापडला. पिवळा पडलेला, पाठीवर चकतीचा डायल.

"ताई, हा तुम्हीच ठेवा. लाईनमनच्या घरातल्या तुम्ही एकट्याच इथं."

हर्षदानं तो हातात घेतला. वजन ओळखीचं होतं. नकळत तिचं नख तोंडाशी गेलं. टक, टक.

आणि ती तशीच उभी राहिली. आण्णांनी शेवटच्या टिचक्या कधी मारल्या होत्या? काल नाही. परवा नाही. होळीला? तिला आठवेना. रोज ऐकू येणारी गोष्ट थांबली कधी हेच तिला माहीत नव्हतं. आपण फोनवर नक्की काय ऐकतो, असा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला.

त्या संध्याकाळी तिनं सांगून पाहिलं. "आण्णा, ठेवताना टिचक्या मारा की. पयल्यासारख्या."

"तुझं आपलं कायतरीच. सगळं ठीक हाय. लाईन क्लिअर हाय. ठेवू?"

फोन ठेवला गेला. टिचकी आली नाही.

*

नातेवाइकाच्या लाईनची नोंद उघडायची तर दुसऱ्याची सही लागायची. सकाळी मोईनभाईंनी ती दिली आणि चहा घेऊन शेजारी बसले. पडद्यावर आंबेडोह उघडलं. स्थिरता ९९.९८. त्याखाली एक बारीक ओळ असायची. ती कुणी वाचत नसे, हर्षदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. भरण: ८३ टक्के.

"म्हणजे शंभरातले त्र्याऐंशी शब्द सांध्याचे?" मोईनभाई म्हणाले. "तार सडली असणार, ताई. डोंगरातली ओल."

"आधी तार मोज, मग माणसाला बोल," हर्षदा पुटपुटली. हे आण्णांचं वाक्य. तक्रार आली की ते गिऱ्हाइकावर डाफरत नसत, आधी मीटर लावत.

तिनं एक्स्चेंजमधून तारेला मीटर लावला. अवरोध बरोबर. गळती शून्य. एकही जोड गंजलेला नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्या माणसानं जोड असे बांधले होते की अजून पाणी शिरलं नव्हतं.

मोईनभाईंनी कप खाली ठेवला. "तार चांगली आहे. मग गप्प कोण आहे?"

हर्षदानं भरणाचा आलेख काढला. दिवाळीत चार टक्के, डिसेंबरात चार. सतरा जानेवारीला, संक्रांत होऊन तीनच दिवस झाले होते तेव्हा, एकदम साठ. मग वर वर.

पाळतीसाठी मूळ आवाज दहा दिवस साठवलेला असतो. त्याच्या मागचं सगळं पुसलं जातं. होळीला आण्णा खरंच काय म्हणाले होते, ते आता कधीच कळणार नव्हतं. तिनं उरलेले दहा दिवस उघडले आणि कानाला लावले.

आधी श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग आण्णांचा आवाज, पण ओला आणि जड, जिभेला दगड बांधल्यासारखा. "हर्... हर्षे." शांतता. "त्यो... शबुद... येत न्हाई." पुन्हा शांतता. त्या जागी हर्षदाला ऐकू आलं होतं, 'मला काय धाड भरलीया.' मूळ आवाजात तिचं स्वतःचं उत्तरही होतं, आनंदी, घाईतलं. "बरं झालं आण्णा. मग ठेवतो मी."

दुसऱ्या दिवशी: "हात... ह्यो हात..." आणि तिचं हसणं.

तिसऱ्या दिवशी: "ये." नुसतं एवढंच. "ये." आणि ती म्हणत होती, "व्हय व्हय, लाईन क्लिअर हाय."

तिची लाईन उत्तम होती. तिचा शब्द न् शब्द आण्णांना नीट पोचत होता. म्हणजे रोज साडेसहाला तिकडं म्हातारा जीव एकवटून एक शब्द काढत होता, आणि लेक ऐकून न ऐकल्यासारखं काहीबाही बोलून फोन ठेवत होती. चार महिने. आण्णांना काय वाटलं असेल, या विचारानं तिला भडभडून आलं. कक्षातली माणसं वळून बघायला लागली, तरी तिला आवरेना.

मोईनभाई हळूच म्हणाले, "ताई, शेवटचा भाग ऐका. ठेवायच्या आधीचा."

टक. टक. टक.

तिनं आदल्या दिवसाचा उघडला. तीन. त्याच्या आदल्या दिवसाचा. तीन. दहाच्या दहा दिवस तीन. कालच्या तर सगळ्यांत जोरात, कारण काल तिनं स्वतःहून टिचक्या मागितल्या होत्या. शब्द गेले तेव्हा आण्णांनी जुनी खूण काढली होती. फॉल्ट इथंच हाय, माणूस पाठवा. आणि खरखर म्हणून यंत्रानं ती पुसली होती, हर्षदाच्याच सहीनं.

*

"आंबेडोहवरचा सांधा काढा," ती म्हणाली.

"लाईन लाल दिसेल. वर विचारतील."

"दिसू दे."

मोईनभाईंनी काढला. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळी ती कधी फोन करत नसे. घंटा बराच वेळ वाजली, मग हँडसेट उचलल्याचा खडखडाट झाला. आणि पाठोपाठ तांब्याची ती बारीक खरखर, तिच्या लहानपणातली, रात्री पत्र्यावर भाताची तुसं पडावीत तशी. किती वर्षांनी ऐकत होती ती! एवढ्या वर्षांत आपण हीच पुसत आलो, असं तिच्या मनात आलं.

"आण्णा, मी हर्षी."

काही नाही. पडद्यावर लाल ओळ आली: लाईन अस्थिर. सवयीनं तिच्या ओठांवर 'बरं मग' आलं. तिनं ते गिळलं. पाच सेकंद गेले, दहा गेले. नियंत्रण कक्षात दहा सेकंदांची शांतता म्हणजे आकांत. ती वाट बघत राहिली.

"...हर्षे?"

"ऐकायलोय आण्णा. सावकाश बोला. मी ठेवत न्हाई."

पुन्हा बराच वेळ श्वास. शब्द आला नाही. मग टिचक्या आल्या. एक, दोन, तीन. मोजून.

हर्षदानं मोईनभाईंचा टेस्ट फोन ओढला, त्याचं तोंड आपल्या फोनच्या तोंडाशी धरलं आणि त्यावर नखानं एकच टिचकी मारली.

पलीकडं आण्णा हुंदका देऊन रडले. त्यात अडखळण्याजोगं काही नव्हतं. ते स्वच्छ ऐकू आलं.

*

दिवस मावळायच्या आत ती आंबेडोहला पोचली. शेजारच्या शेवंताकाकू अंगणात उभ्या होत्या. त्यांनी तिला बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आलीस व्हय बाई? संक्रांतीपासनं त्येंची वाचा बसलीया, उजवा हात हालंना. मी दोन येळंला भाकरी देतो. तुला फोन लावणार हुतो, पर आण्णा रोज सांजच्याला फोन धरून बसल्यालं दिसायचं. म्हटलं, रोज बोलतीस, तुला म्हाईत असणार."

"मला म्हाईत नव्हतं काकू."

"रोज बोलून?"

हर्षदा आत गेली. आण्णा फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते, डाव्या हातानं हँडसेट मांडीवर धरून. अकरापासून त्यांनी तो खाली ठेवलाच नव्हता. माणूस निघालाय म्हटल्यावर लाईन धरून बसायची, हा एक्स्चेंजचा जुना नियम.

तिनं त्यांच्या हातातून तो काढून जागेवर ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "चुकलो आण्णा," ती म्हणाली.

त्यांना काही म्हणायचं होतं. ओठ हलले, शब्द आला नाही. त्यांनी डाव्या हाताच्या नखानं तिच्या डोक्यावर हलकेच दोन टिचक्या मारल्या.

गारगोटीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. आता काही शब्द येतील, काही येणार नाहीत. औषधापेक्षा ऐकणारं माणूस लागेल, आणि त्याला घाई नको. हर्षदानं त्यांना पुण्याला चला म्हणून विनवलं. आण्णांनी खिडकीतून दिसणाऱ्या खांबाकडं बोट केलं आणि मान हलवली. शेवटी तिनंच दर महिन्याचे दहा दिवस आंबेडोहला बांधून घेतले. यंत्र नव्या लाईनवर पाळत ठेवतं तेवढेच.

पण त्याआधी पुण्यात येऊन तिनं एक काम केलं. सगळ्या जोडण्या चाळून तिनं अशा लाईनी काढल्या, जिथं तार निर्दोष आणि भरण निम्म्याहून जास्त. एक हजार चारशे बारा निघाल्या. त्यांच्यावरचा सांधा तिनं बंद केला, आणि त्या नंबरांना रोज फोन करणाऱ्या माणसांना एकच ओळ पाठवली: 'लाईन ठीक आहे. तुमच्या माणसाकडे जाऊन या.' वरून विचारणा आली. तिनं आपल्याच नियमावर फॉल्टचा अहवाल लिहून पाठवला आणि भिंतीवरचं मानपत्र काढून खणात टाकलं.

आता पुण्यात असली की साडेसहाला ती टेस्ट फोन जवळ घेऊन बसते. मोईनभाईंनी जाता जाता तो तिच्या लाईनला जोडून दिलाय. बोलणं तासभर चालतं, त्यात आण्णांची वाक्यं सहा-सात. परवा त्यांनी पंधरा सेकंद घेऊन 'फणस' म्हटलं. झाडाला धरलेत की कापलाय की शेवंताकाकूंनी चोरला, हे कळायला आणखी पाच मिनिटं गेली. काकूंनीच चोरला होता. दोघं पोट धरून हसली, आणि हसताना आण्णा अजिबात अडखळले नाहीत.

पडद्यावर आंबेडोह लालच असतं. स्थिरता एकतीस. वरिष्ठ येता जाता ते बघतात आणि पुढं जातात.

बोलणं संपलं की खरखर तेवढी उरते. हर्षदा वाट बघते, आणि टिचक्या येतात. कालही आल्या. टक, टक. तिसरी येते का म्हणून तिनं बराच वेळ कान लावून ठेवला. आली नाही. मग तिनं फोन ठेवला.